मिरजेचे डॉक्टर

शिकागोजवळ नेपरव्हिलला, रूट ५९ जवळच्या एका अपार्टमेंटमध्ये चार मराठी पोरं राहतात. त्यातल्या एकाला आसपासचे सगळे देशी विद्यार्थी डॉक्टर म्हणतात. डॉक्टर शिकतात डेटा सायन्स. पण गाव मिरज. वॉनलेस हॉस्पिटलपासून बोळातल्या दवाखान्यांपर्यंत, बेळगाव-विजापूरकडचे पेशंट ज्या गावात उतरतात तिथं वाढलेल्याला वेगळी डिग्री कशाला, असं त्यांचं म्हणणं. (मिरजेत सतारीही होतात. सतारीला डॉक्टरांनी कधी हात लावलेला नाही.)

ऑगस्टमध्ये येताना २३ किलोच्या बॅगेत मेतकूट आणि भाजणीच्या मधोमध दवाखाना येतो: डोलो, डायजिन, इलेक्ट्रॉल, अमृतांजन आणि तळाशी, मोज्यात गुंडाळलेली अझिथ्रोमायसिन. अँटिबायोटिक इथं चिठ्ठीशिवाय मिळत नाही. कायद्यानं तिकडेही नाही, पण कोपऱ्यावरचा मेडिकलवाला घरचाच.

मिडटर्मच्या सुमाराला ओपीडी भरते. इन्शुरन्स प्रत्येकाकडे असतो, पण डिडक्टिबलचा आकडा ऐकून निम्मा ताप तिथंच उतरतो. उरलेला डॉक्टर उतरवतात.

"जीभ काढ." मोबाइलचा टॉर्च घशात. "काल काय खाल्लंस? पिझ्झा? मग बरोबर."

काय बरोबर, ते सांगत नाहीत. अझिथ्रो तीन दिवसांची द्यायची, आणि दुसऱ्या दिवशी पोरगं हसताना दिसलं की तिसरी गोळी परत मागून घ्यायची. "वाया कशाला? पुढच्याला होईल." मुळात सर्दी विषाणूची, अँटिबायोटिकला ती भीक घालत नाही, आपल्या मनानं येते, आपल्या मनानं जाते. नाव मात्र डॉक्टरांचं होतं.

टायलेनॉलवर त्यांचा राग आहे. १९८२ साली ह्याच शिकागो परिसरात कुणीतरी टायलेनॉलच्या कॅप्सुलांत सायनाइड भरलं, सात माणसं गेली, तेव्हा कुठं बाटल्यांना सील आलं, हा इतिहास ते नेमका पेशंटनं तोंड उघडल्यावर सांगतात. "आपली स्ट्रिप बघ. प्रत्येक गोळीला सेपरेट खोली."

एकदा नर्सिंग शिकणाऱ्या एका मुलीनं त्यांच्यासमोर हिशोब मांडला. पेशंटनं डॉक्टरांची डोलो, रूममेटची टायलेनॉल आणि झोपताना नायक्विल, असं सगळं घेतलेलं. तिन्हींत पॅरासिटामोलच. दिवसाला चार ग्रॅमच्या वर गेलं तर लिव्हर कामातून जाऊ शकतं, ती म्हणाली.

डॉक्टर क्षणभर विचारात पडले. "पण कंपन्या तीन आहेत ना?"

फेब्रुवारीत डॉक्टरच तापले. बॅगेकडे ढुंकूनही न बघता त्यांनी आधी आईला व्हिडिओ कॉल लावला आणि मग थेट अर्जंट केअर गाठलं. तिथं सांगितलं, फ्लू आहे, पाणी प्या, झोपा, टायलेनॉल घ्या.

घरी सगळे वाट बघत होते. "काय म्हणाले?"

"विशेष काही नाही," डॉक्टर पांघरुणातून म्हणाले. "आणि जीभसुद्धा बघितली नाही रे त्यांनी."