फ्लेक्सवर हुबेहूब भगवा उतरवण्याची शास्त्रोक्त पद्धत

साहेबांच्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री कार्यकर्ते दुकानात शिरतात. "दादा, भगवा नीट काढा हां. मागच्या वेळी पार नारंगी आलता." इथून विधीला प्रारंभ होतो.

प्रथम नमुना मागावा. अनेक मिरवणुकांचा घाम प्यायलेलं उपरणं येईल किंवा व्हॉट्सॲपवरचा फोटो. मोबाइलचा रंग उजेडाचा आणि फ्लेक्सचा शाईचा, ही तात्त्विक चर्चा गिऱ्हाइकाशी करू नये. कुणी गेल्या वर्षीचा फ्लेक्सच उतरवून आणला, तर मात्र हात जोडावेत. उन्हात मॅजेंटा आणि पिवळी शाई आधी उडते, मागे सायन उरते. त्या नमुन्याबरहुकूम छापलं, तर साहेब निळे पडतात.

आता मात्रा. पिवळा १०० टक्के ठेवून मॅजेंटा ६० ते ७० च्या दरम्यान खेळवावा. खाली गेलात तर हापूस, वर गेलात तर कुंकू. सायनला या सोहळ्याचं आमंत्रण नाही. चार-पाच टक्के जरी घुसला, तरी रंग मातकट होतो. खरा झळझळीत भगवा चार शायांच्या आवाक्यात येतच नाही. वेगळी केशरी शाई भरलेली यंत्रं मिळतात, पण आपण ज्या भावानं चौरस फूट कबूल केलेला असतो त्यात ती बसत नाहीत. हे मनात ठेवावं.

मग मॅजेंटा दोन-दोन टक्क्यांनी वाढवत ठिगळांची पट्टी काढावी; फ्लेक्स ज्या रोलवर आणि हेडच्या जितक्या फेऱ्यांत (पासमध्ये) छापायचा, त्याच रोलवर आणि तेवढ्याच पासमध्ये, कारण प्रत्येक रोलचा पांढरा वेगळा. प्रत्येक ठिगळाखाली आकडा छापावा. नोझल चेक आधी करावा, नाहीतर मॅजेंटाचं एखादं नोझल तुंबून साहेबांच्या कपाळावर आडवे पट्टे उमटतात, आणि त्याला भस्म म्हणून खपवणं अवघड जातं.

छपाईचे रंग ५००० केल्विनच्या उजेडात पारखावेत, असं शास्त्र सांगतं. आपल्याकडे ते काम बुलेटचा हेडलाइट करतो. ट्यूबखाली पसंत पडलेलं ठिगळ तिथं नापसंत होतं, आणि सकाळच्या उन्हात दोन्ही मतं फिरतात. म्हणून सहा जणांचं मत घेऊ नये. पैसे कोण देणार, एवढंच विचारावं आणि त्याला पसंत पडलेल्या ठिगळावर त्याची सही घ्यावी, बॉलपेननं नव्हे, मार्करनं.

राहिलेली रक्कम हातात पडेपर्यंत आयलेट मारू नयेत.