काकांची बॅग

आमच्या चिपळुणात एलआयसीचे एजंट पुष्कळ, पण नुसतं 'काका' म्हटलं की एकच. दारात येऊन ते "आहात का घरात?" असं विचारतात आणि उत्तर यायच्या आत चपला काढून झालेल्या असतात. चहा होईपर्यंत विम्याचा विषय नाही. यंदाची सुपारी, पोरीची बारावी, गणपतीत कोकण रेल्वेचं न मिळणारं तिकीट असं सगळं बोलून होतं. मग रेक्झिनच्या बॅगेची चेन सर्रकन उघडते आणि घरातले सावरून बसतात, कारण आता मरणाचा विषय निघणार. तो शब्द अर्थात काका तोंडातून काढत नाहीत. "देव न करो, उद्या काही कमी-जास्त झालं तर वहिनींना कुणापुढे हात पसरायला नकोत." देवाचं नाव निघालं की माझी आई देव्हाऱ्याच्या दिशेने हात जोडते. तोवर काकांनी पेनाचं टोपण काढून ठेवलेलं असतं.

बाकी जगाचं वय वाढदिवसाला वाढतं, काकांच्या हिशेबात ते सहा महिने आधीच वाढतं. विम्याच्या बऱ्याच योजनांत जवळच्या वाढदिवसाचं वय धरतात, म्हणजे साडेएकोणचाळीस उलटले की माणूस चाळीशीचा झाला आणि हप्ता वाढला. त्यामुळे ऐन दिवाळीत काकांचा फोन येतो, "पुढच्या महिन्यात तुमचं वय बदलतंय हो." आमच्या गल्लीतल्या एका बाई या वाक्यावर इतक्या चिडल्या की त्यांनी वर्षभर काकांना चहा दिला नाही. पॉलिसी मात्र घेतली, वय बदलायच्या आत.

या माणसावर गावाचा विश्वास का, हे कळायला विम्याचा प्रपोजल फॉर्म एकदा नीट वाचावा. आई-वडील हयात आहेत का, नसले तर कोणत्या वयात आणि कशाने गेले, भावंडं किती, बीपी, शुगर, कधी ऑपरेशन, बायकांना बाळंतपणाचे प्रश्न निराळे. डॉक्टरपासून लपवलेल्या गोष्टी लोक काकांना सांगतात, कारण खोटं लिहिलं तर पुढे क्लेम अडकेल ही तंबी त्यांनी आधीच दिलेली असते. म्हणजे गावातल्या निम्म्या घरांच्या तब्येती आणि थोड्याफार भानगडीही त्या बॅगेत. बाहेर त्यातलं अवाक्षर निघत नाही. एका मुंजीच्या पंगतीत काका जिलबी वाढत होते. काही पानांवर दोन पडत होत्या, काही पानांपाशी त्यांचा हात कसा कोण जाणे, पुढे सरकत होता. वगळलेल्यांपैकी कुणी तक्रार केली नाही. एकाने फक्त खाली मान घालून मठ्ठा प्यायला.

काकांच्या एलआयसीचा पाया घालणारा माणूस आमच्या शेजारचाच. महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव देशमुख. अर्थमंत्री असताना १९ जानेवारी १९५६ रोजी त्यांनी आकाशवाणीवरून आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणा केली. खाजगी विमा कंपन्यांतल्या गैरव्यवहारांमुळे लोकांच्या पैशाला वाली उरला नव्हता. मग देशी-विदेशी मिळून २४५ संस्था एकत्र करून १ सप्टेंबर १९५६ ला आयुर्विमा महामंडळ, म्हणजेच एलआयसी, उभं राहिलं. तोवर चिंतामणराव मंत्रिपदावर नव्हते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलैतच राजीनामा दिला होता. काका ही गोष्ट नव्या गिऱ्हाइकाला सांगतात आणि शेवटी म्हणतात, "माणूस गेला, पॉलिसी चालू राहिली." वरवर ही इतिहासाची गोष्ट, पण धंद्याचं सगळं बोलणं त्यात आलं.

काका संत मात्र नाहीत. टर्म इन्शुरन्स ते आपणहून कधी दाखवत नाहीत. थोड्या हप्त्यात भरपूर संरक्षण, पण जिवंत राहिलात तर हाती काही नाही, असा तो विमा. तरुण, कर्जवाल्या माणसाला खरी गरज त्याचीच असते. काका मात्र एन्डोमेंट नाहीतर मनीबॅक पुढे करतात, ज्यात संरक्षण बेताचं, परतावाही बेताचा आणि कमिशन बरं. मी एकदा तोंडावर विचारलं. "अहो, पैसे परत मिळणार नाहीत म्हटलं की माणूस मलाच परत पाठवतो," असं म्हणून त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. उत्तर खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. "पहिला हप्ता तुमच्या कमिशनातून भरा की," म्हणणाऱ्यांना मात्र ते १९३८ च्या विमा कायद्याचं कलम ४१ ऐकवतात. अशी सूट देणं आणि घेणं, दोन्ही गुन्हा. ते कलम त्यांना तोंडपाठ आहे, आणि का नसावं?

२२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी बाजारपेठेत शिरली, तेव्हा कपाटंच्या कपाटं चिखलात गेली. पाणी ओसरल्यावर कपडे वाळत घालायच्या दोऱ्यांवर मार्कशीटा, सातबारे आणि एलआयसीचे बॉन्ड चिमट्यांनी लटकत होते. काकांची वही माळ्यावर होती म्हणून वाचली. गुडघाभर चिखल तुडवत ते घरोघर गेले आणि चिठ्ठीवर पॉलिसी नंबर लिहून देत सुटले. "बॉन्ड भिजला म्हणून पॉलिसी बुडत नाही. नंबर जपा, डुप्लिकेट काढू." त्या आठवड्यात गावात धीराचं बोलणारी माणसं थोडीच होती.

पुढे एक रिक्षावाला अचानक गेला. धंदा बसल्यामुळे त्याचा सहामाही हप्ता राहिला होता आणि सवलतीचे तीस दिवस संपायच्या आत काकांनी तो खिशातून भरला होता. दाखला, बॉन्ड, रद्द केलेला चेक, सगळं गोळा करून त्याच्या बायकोला घेऊन तेच ऑफिसात बसले. क्लेमवर एजंटाला कमिशन नसतं. पैसे खात्यात आल्यावर ती बाई हप्त्याची रक्कम परत करायला आली. काकांनी नोटा मोजून घेतल्या आणि वहीत तिच्यासमोर रेघ मारली. नको-नको म्हणाले असते तर बाईला कायमचं ओझं झालं असतं. मला तरी काकांचं ते मोजणं फार आवडलं.

आता तुमचं सांगा. लग्नाआधी पॉलिसी काढली असेल तर नॉमिनी म्हणून बहुधा आईचं नाव असेल, आणि आई जाऊन कदाचित वर्षं झाली असतील. आज जेवणं झाली की कपाटातून तो बॉन्ड काढा, नाव बघा, बदलायचं असेल तर एक साधा फॉर्म भरावा लागतो. आणि बॉन्ड परत ठेवताना कुठे ठेवलाय ते बायकोलाही दाखवून ठेवा.