नऊ किलो इंद्रायणी

कोंढव्यातल्या त्या जुन्या गाड्यांच्या यार्डात मी एका काखेत बाळाचं सीट आणि दुसऱ्या हातात तांदळाची पिशवी घेऊन शिरलो, तेव्हा गाड्या पुसणारा पोरगा फडकं बाजूला ठेवून म्हणाला, "साहेब, गिरणी पलीकडच्या गल्लीत."

"दळण नाही रे, गाडी बघायचीय."

"मग हे?"

हे म्हणजे नऊ किलो इंद्रायणी. आमची लेक तेव्हा दहा महिन्यांची होती आणि डॉक्टरांच्या काट्यावर बरोबर नऊ किलो भरली होती. "ज्या गाडीचे ब्रेक लागतात की नाही हे तुलाच माहीत नाही, त्या गाडीत माझी मुलगी बसणार नाही," असं बायकोनं बजावलं होतं. मी बसायला तिची काही हरकत नव्हती. म्हणून मी दहा किलोची पिशवी आणली, एक किलो डब्यात काढून ठेवला आणि उरलेल्या लेकीला घेऊन महिनाभर पुणं पालथं घातलं.

माझं स्वतःचं पहिलं चाइल्ड सीट म्हणजे वडिलांच्या चेतकवरची पुढची जागा. हँडलच्या मागे, स्पीडोमीटरला नाक लावून मी उभा. मागे आई एका बाजूला पाय सोडून, मांडीवर भाजीची पिशवी. हॉर्नचं खातं माझ्याकडे. कचकन ब्रेक लागला की माझं कपाळ स्पीडोमीटरवर आपटायचं आणि वडील विचारायचे, "काच फुटली नाही ना?" अशा संस्कारांत वाढलेल्या घरात बाळाचं सीट आलं, तेव्हा आईनं ते चारही बाजूंनी पाहिलं आणि म्हणाली, "का? माझ्या मांडीला काय काटे आलेत?"

मी कायदा काढला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा असं सीट नसेल तर हजार रुपये दंड.

"हजार मी भरीन," आई म्हणाली. "पण पोरीला पाच-पाच पट्ट्यांनी जखडायचं? आणि तोंड मागं करून? तिला दिसणार काय?"

"मागची काच."

"म्हणजे पुण्याबाहेर पडताना तिला पुणंच दिसत राहणार."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. एवढ्याशा बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं आणि मान नाजूक. समोरून धक्का बसला तर उलट्या सीटची पाठ डोकं, मान, कणा सगळं एकदम झेलते. हे सगळं मी सांगितलं. ड्रायव्हरशेजारी हे सीट का ठेवायचं नाही, तर एअरबॅग फुटली की ती नेमकी सीटच्या पाठीवर आदळते, हेही सांगितलं. आई म्हणाली, "मग फुटणारी वस्तू गाडीत ठेवतातच कशाला?" आणि आत निघून गेली.

बजेट चार लाख. अटी दोन. सीट नीट बसलं पाहिजे आणि चालवायला मजा आली पाहिजे. पहिली अट घरात सगळ्यांना पटली. दुसरी ऐकल्यावर मात्र कुणीतरी वाईट बातमी सांगावी तसे सगळे गप्प झाले. आपल्याकडे गाडीबद्दल विचारायचा प्रश्न एकच, "किती देते?" गाडी नाही, म्हैस. बावीस देते म्हटलं की माणूस समाधानानं मान डोलावतो. वळणावर ती कशी वळते, हे म्हशीबद्दल कोण विचारतं?

बायकोला मी जीव तोडून समजावलं. घाट चढताना तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन कसं खेचतं, स्टेअरिंग चांगलं असेल तर रस्ता कसा थेट हाताला कळतो. "मला तो कमरेला कळतो," ती म्हणाली. बाळंतपणाला दहाच महिने झाले होते. मी विषय बदलला.

तरी पहिली चक्कर प्रेमापोटीच झाली. २००३ साली मारुतीनं झेनच्या दोन खास आवृत्त्या काढल्या होत्या, कार्बन आणि स्टील. दोन्ही तीन दारी, म्हणजे बाजूंना एक-एक आणि तिसरं डिकीचं. कॉलेजात असताना एक काळी कार्बन फर्ग्युसन रस्त्यावरून जाताना पाहिली होती. तेव्हापासून ती मनात पार्क करून ठेवली होती. आता तशीच एक सदाशिव पेठेत विकायला निघाली. मालक निवृत्त गृहस्थ. पंधरा वर्षांनंतरचं नोंदणीचं नूतनीकरण करून, कागदपत्रं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, वर रबरबँड लावून तयार. मी पुढचं सीट पाडलं, बाळाचं सीट तिरकं करून आत घातलं आणि ते तिरकंच अडकलं. सोडवायला मी कमरेपर्यंत आत वाकलो, तेव्हा रस्त्यावर उरलेला माझा भाग बघायला दोन शाळकरी मुलं थांबली. गृहस्थांनी मला पाय धरून बाहेर काढलं, चहा दिला आणि म्हणाले, "आम्हाला मुलगा झाला त्या वर्षीच ही उभी केली. उभीच आहे."

त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी घरी आलो.

मग यार्डं सुरू झाली. यार्डाची स्वतःची एक मराठी आहे. "सिंगल हँड, साहेब." "बटर कंडिशन." "एक रुपयाचं काम नाही, घ्या आणि चालवा." आणि सगळ्यांत वर, "डॉक्टरची गाडी आहे." पुण्यात जेवढ्या डॉक्टरांनी गाड्या विकल्यात तेवढे डॉक्टर खरंच असते, तर आम्हाला लसीकरणासाठी दोन तास बाहेर बसावं लागलं नसतं.

मीही तयारीत होतो. रुमालात गुंडाळलेलं चुंबक पत्र्यावरून फिरवायचं, जिथं चिकटणार नाही तिथं खाली पुट्टी. ऑइलचं झाकण उघडायचं, आत दुधाच्या सायीसारखं काही दिसलं की कूलंट ऑइलमध्ये मिसळल्याची शंका घ्यायची. टायरवरचे शेवटचे चार आकडे वाचायचे, पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन सालाचे. मीटर तीस हजार दाखवतंय आणि क्लचच्या पेडलचं रबर मात्र झिजून गुळगुळीत झालंय, तर पेडल खरं बोलतंय असं धरायचं. पण या सगळ्या युक्त्या यार्डवाल्यांना माझ्या आधीपासून पाठ होत्या. तांदळाची मात्र कुणालाच कल्पना नव्हती.

आपल्याकडे मागचा पट्टा कुणी ओढत नाही. त्याचा जन्म सीटमागे जातो आणि बक्कल सीट कव्हरखाली गाडलं जातं. ते उकरताना मला एका गाडीत पाच रुपयांचं नाणं, बिस्किटाचा भुगा आणि कुणाच्या तरी लग्नातल्या अक्षता मिळाल्या. दुसऱ्या एका गाडीत पट्टा चार बोटं कमी पडला. उलट्या सीटला पट्टा लांब लागतो, कारण तो बुडाखालून जाऊन पुन्हा पाठीला वळसा घालतो. यार्डवाले म्हणाले, "त्यात काय, वहिनींना सांगा सीट धरून बसायला."

आणि एक पांढरी सेदान होती, दिसायला इतकी स्वच्छ की मी मनातल्या मनात तिला पार्किंगमध्ये लावूनही टाकलं होतं. आत उदबत्तीचा वास. सीट बांधायला मी मागचा पट्टा ओढला, शेवटपर्यंत ओढला, आणि एरवी कधीच बाहेर न येणाऱ्या त्या शेवटच्या वीतभर पट्ट्यावर वाळलेल्या तांबूस गाळाची सरळ रेघ होती. मी पट्टा यार्डवाल्यांसमोर धरला. नंबर प्लेट एमएच-१० होती, सांगलीची. २०१९ चा महापूर दोघांनाही आठवला असावा, कारण थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही.

"धुवून देतो," ते शेवटी म्हणाले.

आमच्या गॅरेजवाल्या अण्णांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, "उदबत्ती लावलेली गाडी बघायचीच नाही. देवळात जावं."

कोंढव्यातली गाडी अण्णांनीच सुचवली. फोर्ड फिगो, २०१७ ची, दीड लिटरचं डिझेल इंजिन, ताकद शंभर हॉर्सपॉवर. एवढ्याशा गाडीला शंभर घोडे म्हणजे टांग्याला रेसकोर्स जुंपल्यासारखं. ती परवडत होती त्याचं कारणही उघड होतं. फोर्डनं सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातलं गाड्यांचं उत्पादन बंद करायचं जाहीर केलं आणि तेव्हापासून लोक या गाड्यांकडे जरा कीव करूनच बघतात. आईनं नेमकं तिथंच बोट ठेवलं. "कंपनीच गेली? म्हणजे गाडीला माहेरच नाही. काही झालं तर जायचं कुठं?"

सुटे भाग आणि सर्व्हिस चालू राहील असं कंपनीनं सांगितलं होतं, पण आईला पटलं ते अण्णांचं बोलणं. "आई, सासरी नीट नांदणारी असली की झालं. बाकी मी आहे ना."

तर तिथं मी सीट बांधलं. गुडघा सीटमध्ये रोवून, सगळं वजन टाकून पट्टा आवळायचा, मग जिथून पट्टा जातो तिथं धरून हलवायचं. इंचभरापेक्षा जास्त हललं तर पहिल्यापासून सुरुवात. हललं नाही. पट्टा पुरला, वर बोटभर उरलासुद्धा. मग पिशवी सीटमध्ये ठेवली, पाचही पट्टे लावले. पिशवीची मान जरा वाकडी झाली होती, ती सरळ केली.

"नाव काय?" पोरग्यानं विचारलं आणि शेजारी मागच्या सीटवर ऐसपैस बसला. मालकानं त्याला गाडीवर लक्ष ठेवायला पाठवलं होतं.

बोपदेव घाट लागला आणि मी तिसरा गिअर टाकला. त्या चढावर इंजिनाचा सूर भरून आला आणि पहिल्याच वळणावर स्टेअरिंगनं हातात असं काही सांगितलं की मी लेक, बायको, बजेट सगळं विसरलो. दुसरं वळण. तिसरं. आरशात तांदूळ शांत होता.

चौथ्या वळणाच्या पलीकडे उसाची ट्रॉली उभी होती, मागे झाडाची फांदी खोचलेली. मी ब्रेक दाबला, जेवढा दाबता येतो तेवढा. गाडी सरळ रेषेत थांबली, ट्रॉलीच्या उसापासून दोन हातांवर. मी मागे वळून पाहिलं. सीट जागेवर, पिशवी जागेवर, एक दाणा सांडला नव्हता. पोरगा मात्र आमच्या दोघांच्या मध्ये, गिअरच्या दांड्याला मिठी मारून बसला होता.

तो सावकाश मागे सरकला, सीटच्या फटीत हात घालून बराच वेळ चाचपडला आणि म्हणाला, "साहेब, माझा पट्टा कुठाय?"

दुसऱ्या दिवशी बायको येऊन गेली. मागे उलटं सीट बसवल्यावर पुढचं सीट सरकवावं लागतं, तर तिचे गुडघे डॅशबोर्डपासून किती लांब राहतात ते तिनं वितीनं मोजलं. वीत पुरली. तीन लाख साठ हजारांना सौदा ठरला. फॉर्म २९, फॉर्म ३०, इन्शुरन्सची बदली आणि आरटीओतला एक सकाळ-ते-दुपार प्रवास यांबद्दल काही सांगत नाही, वाचकांनाही आपापले आहेत. त्या रात्री तांदळाचा भात केला. बायको म्हणाली, छान मोकळा झालाय. पण इंद्रायणीचा भात मऊ आणि चिकटच व्हायला हवा, असं म्हणून आईनं घाटातल्या वळणांना बोल लावला.

आता लेक गाडीत बसते. बसते म्हणजे झोपते. चांदणी चौक येईपर्यंत तिचे डोळे मिटतात आणि गाडी थांबली की उघडतात. त्यामुळे थांबायचं नाही. धक्का बसू द्यायचा नाही, वळण हळू घ्यायचं, गिअर असा बदलायचा की कुणाला कळता कामा नये. शंभर घोडे मी ताशी तीसच्या वेगानं, पायांत मोजे घातल्यासारखे, कोथरूडच्या गल्ल्यांतून फिरवतो.

परवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये आलो, तर ती नुकतीच झोपली होती. इंजिन बंद केलं तर उठणार. म्हणून एसी आणि इंजिन चालू ठेवून मी तसाच बसलो, तासभर. वॉचमनकाका बॅटरी घेऊन आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि काचेजवळ वाकून विचारलं, "नवी घेतली का? किती देते?"

बोलायची सोय नव्हती. मी अंगठा आणि तर्जनी जोडून शून्य करून दाखवलं.

"वा," काका खूश होऊन म्हणाले, "मस्तच!"