ड्रायव्हर पाहिजे

मुरबाडच्या एसटी स्टँडवर मोबाईलवर हळू बोलायची पद्धत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी आषाढात दादा मला फोनवर जे सांगत होता, ते कल्याणला निघालेल्या, कल्याणहून उतरलेल्या आणि नुसत्याच बाकावर बसलेल्या सगळ्यांनी ऐकलं.

"हे बघ, ड्रायव्हर चांगला पाहिजे. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. मागचा दोन महिन्यांत तापून बसला. रात्रभर चालेल असा बघ."

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता दादाच्या ओट्यावर एक पोरगा येऊन बसला. केसांना पाणी लावून भांग पाडलेला, हातात लायसन्स आणि आधार कार्डाची झेरॉक्स. वहिनींनी त्याला चहा दिला. पुढचा संवाद त्यांनी मला इतक्या वेळा ऐकवलाय की मी तिथे नव्हतो हेच विसरायला होतं.

"ड्रायव्हर पाहिजे म्हणून समजलं."

दादाला वाटलं, विकायला आलाय. "हो, पाहिजे ना. तापतो का?"

"नाय दादा. स्वभाव थंड आहे."

"पाण्यापावसात चालेल?"

"माळशेजला धुक्यात चालवलीय. पुढचा माणूस दिसत नाय तेव्हा."

"सलग सोळा तास काढेल?"

पोरगा जरा थांबला. "सोळा तास असतील तर भत्ता वेगळा पडेल."

"आणि पितो किती?"

"आईशप्पथ दादा, थेंब नाय."

दादा विचारत होता वीज किती पितो ते. एलईडीचा दिवा घरातल्या लाईटीला थेट जोडत नाहीत. मधे एक बोटभर लांबीची डबी लागते. बाहेरचा व्होल्टेज वर जावो, खाली जावो, ती दिव्याला करंट ठरल्याइतकाच देते. त्या डबीचं नाव ड्रायव्हर. हे त्या पोराला समजावून सांगायला दादाने पाऊण तास घेतला, आणि पोरानेही तो दिला, कारण बाहेर पाऊस होता आणि दुसरा चहा येत होता.

दादा माझा चुलतभाऊ. पण सरळगावपासून टोकावड्यापर्यंत कुठल्याही गावात उतरलात तरी त्याच्यासारखा एक माणूस तुम्हाला भेटेल. आयटीआयचा वायरमन, शेती पोटापुरती, मोटर भरून देणं, मिक्सर उघडणं ही वरकमाई. घरात एक फळी, तिच्यावर बिस्किटांचे पत्र्याचे डबे, प्रत्येक डब्यावर खडूने लिहिलेलं 'चालू', 'बंद', 'बघू'. यातला 'बघू'चा डबा सगळ्यांत मोठा. गावातल्या कुठल्याही लग्नात, वरात निघायच्या ऐन वेळी, जनरेटर बंद पडला की याच माणसाला शोधायला पोरं पळतात. गाव त्याला खटपट्या म्हणतं. त्यात थोडी चेष्टा आहे, थोडी गरजही.

रोपांच्या दिव्याचं खूळ शिरलं ते मात्र रास्त कारणाने. आमच्याकडे भात निघालं की मिरची, वांगी, टोमॅटो लावतात. त्यांची रोपं करायची म्हणजे भादव्यात, आणि तेव्हा माळशेजकडून येणारे ढग सूर्याला तोंड काढू देत नाहीत. उजेड कमी पडला की रोप उजेड शोधत वर पळतं. शेवग्याच्या काडीसारखं लांबतं आणि मान टाकतं. दोन वर्षं दादाच्या प्रोट्रेमधली, म्हणजे रोपांच्या ट्रेमधली, मिरची अशी आडवी झाली. त्यात मोबाईलवर कुणीतरी बंद खोलीत केशर पिकवल्याचं दिसलं. ड्रॅगन फ्रूटवाले थंडीत रात्री बागेत बल्ब लावून अवेळी फुलं आणतात, तेही दिसलं. मग हा माणूस घरी कसा बसणार?

पहिले सहा महिने अभ्यासात गेले. तेवढ्यात दादाला सगळ्या जगाचा एक गुन्हा सापडला, लुमेन. "बल्बच्या खोक्यावर लुमेन छापतात ना, तो माणसाच्या डोळ्याचा हिशोब आहे. आपल्या डोळ्याला हिरवट-पिवळा उजेड जास्त दिसतो म्हणून त्याला मार्क जास्त. मिरचीला डोळे आहेत का?" हा प्रश्न त्याने गावातल्या प्रत्येकाला विचारला आहे. नाहीत, हे सगळ्यांना मान्य आहे. पानाचं खाणं लाल आणि निळं. लाल ६६० नॅनोमीटर, निळा ४५०. "लाल म्हणजे भात, निळा म्हणजे आमटी," दादा सांगतो. "नुसता भात घातलास तर पोर उंच होईल पण काटकुळं." हे मी पुढे वाचून तपासलं तर बरंचसं खरं निघालं. पान हिरवा उजेडसुद्धा खातं, बराच खातं, पण हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली नोबेल मिळालं, हे दादा असं सांगतो की निवड समितीत आमच्या गावचा एक जण होता असं वाटावं.

मग खरेदी.

इथे मला दादाच्या वडिलांची, माझ्या थोरल्या काकांची आठवण काढावी लागते. पौष पौर्णिमेला म्हसा यात्रा भरते, बैलांचा मोठा बाजार. काका तिथे जायचे तर तीन-तीन दिवस मुक्कामाला. बैलाचे दात बघायचे, खूर उचलून बघायचे, वशिंडावरून हात फिरवायचा, भोवरा कुठे आहे ते पाहायचं, मग चार पावलं चालवून आणायला सांगायचे. मग पुढचा बैल. तीन दिवसांनी घरी यायचे ते बहुतेक वेळा घोंगडी घेऊन. काकू विचारायची, "बैल?" काका म्हणायचे, "होता एक. पण मागच्या पायात जरा..." त्या वाक्याचा शेवट कुणी ऐकला नाही.

तोच माणूस मी लॅमिंग्टन रोडवर पाहिला, फक्त धोतराच्या जागी पँट. कल्याणहून लोकल, दादरला बदलून ग्रँट रोड. दादाने खिशातून घड्याळजीचं भिंग काढलं, डोळ्याला लावलं आणि तांदळाएवढ्या चिपचे दात मोजायला लागला. "तीन वॅटचा म्हणून देतात आणि आत एक वॅटचा दाणा असतो. खरा तीन वॅटवाला ४५ मिलचा पाहिजे." मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मग चिप पेटवून दाखव. मग हाताला किती गरम लागतो. मग त्याचा जोडीदार दाखव, दोघांचा उजेड सारखा आहे का बघू. एकाच पाकिटातले दोन दिवे सारखे नव्हतेच. दादाने विजयाने माझ्याकडे पाहिलं. शेवटी गल्ल्यावरचा शेठ म्हणाला, "भाई, लेना है कि शादी करनी है?"

त्या दिवशी आम्ही एक सोल्डरिंगची कांडी आणि दोन वडापाव घेऊन परत आलो.

पुढे वर्षभर मी हमाल झालो. दर शनिवारी माझ्या पिशवीत काहीतरी असायचंच. दादाचा दोष म्हणा की दैव, या धंद्यात एक वस्तू बदलली की बाकी सगळ्या बदलाव्या लागतात. निळे-पांढरे चिप प्रत्येकी साधारण ३.२ व्होल्ट घेतात. दहा ओळीने जोडले की ३२. ड्रायव्हर आणला ३० ते ३६चा, झकास बसला. मग दादाला वाटलं, लाल कमी आहे. लाल चिप घेतो २.२. दहाचे झाले २२. ड्रायव्हर लुकलुकायला लागला, शेजारच्या पोरांना गणपती आल्यासारखं वाटलं. मग लाल केले पंधरा, म्हणजे ३३. ड्रायव्हर खूष, पण पंधरा दिवे बसायला ॲल्युमिनियमची पट्टी पुरेना. खिडक्यावाल्याकडून मोठा सेक्शन कापून आणला. तो इतका जड की छताचा हूक निसटला. हूक बसवायला गवंडी. एका लाल दिव्यापोटी गवंडी.

"एलईडी गार असतो" यावर विश्वास ठेवणाऱ्याला दादा माणसांत धरत नाही. दिवा पुढून गार, पाठीमागून चटका. ती गरमी मागच्या मागे ओढून नेली नाही तर चिप आधी मंद होतो, मग मरतो. म्हणून मधे पांढरी थर्मल पेस्ट लावायची, पातळ. ती ट्यूब एकदा न्हाणीघरात टूथपेस्टच्या शेजारी राहिली. दादाच्या धाकट्याने ब्रश भरला, पण नाकाने त्याला वेळेत वाचवलं.

पूर्ण दिवा पहिल्यांदा पेटला तो श्रावणातल्या सोमवारी. मी मुद्दाम गेलो होतो. दादाने बटण दाबलं आणि खोली वांग्याच्या रंगाची झाली. हिरवं पान काळं दिसायला लागलं, त्यामुळे रोप तरारलंय की सडलंय हे कळायला दिवा बंद करावा लागे. दादाने कौतुकाने पट्टीला हात लावला आणि झटकन मागे घेतला. ड्रायव्हर स्वस्तातला, आतून आयसोलेशन नाही, अर्थिंग जोडायचं राहिलेलं. ओल्या जमिनीवर अनवाणी उभा होता, झिणझिण्यांवर निभावलं. त्या रात्री तो प्रथमच गप्प बसून जेवला. हे विनोदाने लिहितोय, पण तुम्ही करणार असाल तर आयसोलेटेड ड्रायव्हर घ्या आणि तिसरी वायर जोडा.

गावाने आपापला अर्थ लावला. कुणी म्हणालं, हळदीचा डीजे घेतलाय. कुणी म्हणालं, बार काढतोय. रात्री रस्त्याने जाणारी एक जीप थांबली आणि आतल्या माणसांनी "चालू आहे का?" विचारलं. दादा म्हणाला, "चालू आहे, पण अजून टेस्टिंग आहे." ती माणसं बराच वेळ विचारात उभी होती.

पीक म्हणाल तर सगळ्यांत आधी किडे आले. पंखवाल्या वाळवीला पावसात दिव्याचं निमंत्रण म्हणजे काय विचारता. किड्यांमागे पाली आल्या. पालींना पुरून उरले ते खाली पडले, त्यांच्यासाठी बेडूक आले. वहिनी म्हणाल्या, आता कोण येणार ते मला माहीत आहे. आठव्या दिवशी तोही आला, प्रोट्रेच्या मागे वेटोळं करून. सर्पमित्राने त्याला बरणीत घालताना वर पाहून विचारलं, "हा लाईट कुठे मिळतो?" दादा त्याला सर्किट समजावून सांगायला लागला. बरणी सर्पमित्राच्या हातातच होती.

या सगळ्यात एकच गोष्ट पहिल्या दिवसापासून ठरल्यासारखी चालली. श्रावणाच्या दमटगार हवेत आमच्याकडे दही नीट लागत नाही. ड्रायव्हर रात्रभर कोमट राहतो. वहिनी विरजणाचं पातेलं त्याच्यावर ठेवायला लागल्या. सुरीने कापावं असं दही. नवा, गार राहणारा ड्रायव्हर आणायचं निघालं तेव्हा त्यांनी स्पष्ट सांगितलं, "जुना माझ्याकडे राहील."

आणि मिरची? मिरची झाली, हे सांगायला हवं. पण कशी झाली ते दादा सांगत नाही. भादव्यात ड्रायव्हरची वाट बघण्यात रोपं वाया जायला लागली म्हणून त्याने तात्पुरत्या, अगदी तात्पुरत्या, घरातल्याच वीस-वीस वॅटच्या तीन साध्या पांढऱ्या नळ्या सुतळीने रोपांवर वीतभर उंचीवर टांगल्या. रोज सोळा तास, म्हणजे जवळजवळ एक युनिट. पांढऱ्या उजेडात लाल-निळं सगळंच असतं, थोडं कमीजास्त. पाचव्या दिवशी रोपांनी मान वर केली. पंधराव्या दिवशी दांडे पेन्सिलीच्या शिशाएवढे टणक. शेजारपाजारचे बघायला आले, दोघा-तिघांनी तशाच नळ्या टांगल्या.

दादा आठ दिवस कुणाशी नीट बोलला नाही. मी म्हटलं, "दादा, जमलं की रे." तो नळीकडे बघत म्हणाला, "यात निवडायचं काय होतं?"

त्याच्या डोळ्यांत मला थोरले काका दिसले. काकू एकदा काकांना न विचारता गावातलाच एक बैल घेऊन आली होती. बैल उत्तम निघाला. काकांनी त्याला नाव ठेवलं नाही.

नळ्या अजून आहेत, रोपं त्यांच्याखालीच होतात. त्यांच्या शेजारी दुसऱ्या हुकाला दादाचं मूळ काम लटकतंय. सध्या त्यात निळा कमी करून लाल ६३० घालायचा की ६६०, यावर विचार चालू आहे. मला मात्र हमालीतून सुटका मिळाली. तो सकाळी सातला ओट्यावर आलेला पोरगा, तो त्या दिवसानंतर येतच राहिला. त्याला टेम्पो मिळाला, कल्याणला रोज फेरी असते, सामान तोच आणतो. कुणी विचारलं तर वहिनी सांगतात, "आमच्या ह्यांचा ड्रायव्हर." तापत नाही, पाण्यात चालतो.

परवा संध्याकाळी ऑफिसातून निघताना त्याचा फोन आला. मागून ग्रँट रोडचा गोंगाट.

"काका, दादांना सांगू नका मी इथे आलोय. ते सातशे मिलिअँपवाला आण म्हणाले. मला हजारवाला बरा वाटतोय. दोन तास बघतोय. पण याच्या मागच्या बाजूला जरा..."