किती फुटांचं?

कोल्हापुरात ‘किती फूट?’ हा एकच प्रश्न दोन अर्थांनी विचारतात. आठ महिने त्याचं उत्तर चौरस फुटांत येतं आणि पावसाळ्यात नुसत्या फुटांत. कसबा बावड्यात घर घ्यायला निघालात तर दोन्ही उत्तरं लागतात. अडचण एवढीच, की पहिलं उत्तर तोंडपाठ असलेला माणूस दुसरं विचारलं की चहा मागवतो.

गेले तीन महिने आम्ही घर बघतोय. भाड्याच्या घरात राहून दुसऱ्याच्या भिंतीला खिळा ठोकायची चोरी, म्हणून हिनं मनावर घेतलंय. पहिल्याच साइटवर गुळगुळीत कागदाचं पत्रक हातात पडलं : ‘राजर्षींच्या जन्मभूमीत परवडणारा वन बीएचके.’ शाहू महाराज २६ जून १८७४ ला बावड्यातल्या लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये जन्मले, हे खरंच आहे. पण त्या पॅलेसच्या एखाद्या दालनात हा वन बीएचके बाल्कनीसकट मावेल, हे पत्रकात नव्हतं. सॅम्पल फ्लॅटमधला पलंगही मला जरा आखूड वाटला. मी आडवा होऊन बघणार होतो, हिनं डोळे वटारले.

‘परवडणारा’ हा शब्द मोठा मजेशीर आहे. कुणाला परवडणारा, ते त्यात नाही. सरकारी हिशेबानं कोल्हापूरसारख्या गावात ४५ लाखांपर्यंतचं आणि ९० चौरस मीटर कार्पेटपर्यंतचं घर परवडणारं, म्हणून त्यावर जीएसटी १ टक्का. तेच सरकार पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या पर्वात व्याजाची सवलत देताना म्हणतं, घर ३५ लाखांच्या आत हवं, कर्ज २५ लाखांच्या आत आणि वर्षाचं उत्पन्न ९ लाखांच्या आत. म्हणजे ३५ आणि ४५ च्या मधलं घर एका टेबलावर परवडतं, शेजारच्या टेबलावर परवडत नाही.

सवलत किती? जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. तीही पाच वार्षिक हप्त्यांत. आम्ही बघितलेला फ्लॅट २५ लाखांचा. पाच लाख आमचे, म्हणजे सासऱ्यांचे धरून आमचे, आणि वीस लाख बँकेचे. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचा हप्ता साधारण १७,३५० बसतो. वीस वर्षांत फेड होते साडेएकेचाळीस लाखांच्या वर, त्यातलं निम्म्याहून जास्त नुसतं व्याज. साडेएकवीस लाखांच्या व्याजावर पावणेदोन लाखांची सवलत. पाहुण्याला जेवायला बोलवायचं आणि लिंबू आपल्याकडून, असा हा आग्रह.

तेवढ्याही लिंबासाठी एक अट आहे : कुटुंबाच्या नावावर देशात कुठंही पक्कं घर नको. आता बावड्यात जन्मलेल्या माणसाच्या नावावर घर नाही, असं कसं होईल? आमच्या जुन्या घराच्या उताऱ्यावर अकरा नावं आहेत. माझ्या वाट्याचा हिशेब मांडला तर जिन्याखालची जागा आणि न्हाणीघराचं दार येतं. त्या दारामुळं मी घरमालक ठरतो का, हे तीन ठिकाणी विचारलं. तीन उत्तरं मिळाली.

हिचा हिशेब मात्र माझ्यापेक्षा पक्का निघाला. आज भाडं सात हजार. दरवर्षी पाच टक्के वाढलं तर वीस वर्षांत जातात २७-२८ लाख, आणि विसाव्या वर्षी भाडंच साडेसतरा हजारांच्या पुढं जातं, म्हणजे हप्त्याएवढं. ‘आणि तेव्हा आपल्या हातात काय राहणार?’ ती म्हणाली. मी म्हटलं, डिपॉझिट. त्या दिवशी मला परत चहा मिळाला नाही.

तिचं बरोबर आहे, म्हणूनच तर साइटी पालथ्या घालतोय. हप्ता वीस वर्षं जागचा फारसा हलत नाही, भाडं दर अकरा महिन्यांनी हलतं. शिवाय फ्लॅट तिच्या नावावर घेतला तर मुद्रांक शुल्कात १ टक्का सूट. योजनेतही कमी उत्पन्नाच्या गटाला मालकीत बाईचं नाव लागतंच. मालकीण कोण ते सरकारनं ठरवलं. हप्ता कुणाच्या पगारातून कापायचा, ते बँकेनं ठरवलं. मला पार्किंग बघायचं काम उरलं.

आणि पार्किंग बघतानाच मला नदी दिसली.

दिसली म्हणजे लांब, उसापलीकडं, एप्रिलमधली, लाजरीबुजरी. साइटवरचा पोरगा म्हणाला, ‘रिव्हर व्ह्यू आहे काका, त्याचे वेगळे पैसे नाहीत.’ एवढ्यावर मी त्याला दुसऱ्या अर्थानं विचारलं, किती फूट? तो म्हणाला, ‘पाचशे दहा कार्पेट.’

बाहेरच्यांसाठी थोडं सांगतो. पंचगंगेचं पाणी अख्खं कोल्हापूर मोबाइलवर मोजतं ते राजाराम बंधाऱ्याच्या फुटांत, आणि तो बंधारा आमच्या बावड्याचा. ३९ फूट झाले की इशारा, ४३ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टात आकडा ५५ फूट ७ इंचांवर गेला. दोन वर्षांनी, २०२१ च्या जुलैत, ५६ फूट ३ इंचांवर. ही खोली नव्हे, पट्टीवरची खूण आहे. पण नदीकाठच्या माणसाला त्यातून आपल्या उंबऱ्याचा हिशेब बरोबर कळतो. बावड्यात अशा घरांना दोन नंबर असतात, एक महापालिकेचा आणि एक नदीचा. ‘आमच्याकडं पन्नासला लागतं’, ‘आमच्या गोठ्यात शेहेचाळीसलाच’ हे इथले पत्ते आहेत. पोस्टमनला पहिला नंबर लागतो, म्हशी सोडायची वेळ दुसऱ्या नंबरावर ठरते.

पत्रकात पहिला नंबर होता.

दुसरा मिळवायला भगव्या चौकात गेलो. तिथं एक तात्या बसतात. त्यांना प्लॉट कुठला ते सांगितलं. त्यांनी तंबाखू मळता मळता डोळे मिटले, जणू सातबारा वाचतायत, आणि म्हणाले, ‘त्ये व्हय? तितं एक्कावन्नला पाणी शिरतंय. एकुणीसला आमी तितनं म्हस पवत काडली.’ बँकेच्या वकिलानं सर्च रिपोर्टला पैसे घेतले आणि त्यात तीस वर्षांत मालक कोण कोण झाले ते लिहून दिलं. मधे नदीनंही ताबा घेतला होता, ते तात्यांनी फुकट सांगितलं.

साइटवरच्या पोरग्याला एक्कावन्नचं सांगितल्यावर त्यानं नकाशा काढला. ‘काका, आपण ब्ल्यू लाइनच्या बाहेर आहोत. ब्ल्यू आणि रेडच्या मधे आहोत. परवानगी कायदेशीर आहे.’ खोटं नव्हतं. निळ्या रेषेच्या आत, नदीकडं, घर बांधता येत नाही. निळी आणि तांबडी यांच्या मधे बांधता येतं, पण जोतं तांबड्या रेषेच्या पातळीहून ०.४५ मीटर वर हवं, म्हणजे दीडेक फूट. निळी म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर, तांबडी म्हणजे शंभर वर्षांतून एकदाचा. पंचगंगेनं हे कोष्टक वाचलेलं दिसत नाही. २००५, २०१९, २०२१ ही तिची अलीकडची हजेरी. कोल्हापूरकराला तांबडा आणि पांढरा आईच्या दुधाबरोबर कळतो. हा निळा कागदावरच राहिला.

तर नियमाप्रमाणं इमारत खांबांवर उभी. खाली पार्किंग, वर आपण कोरडे. पण मीटरचा बोर्ड, लिफ्टचा खड्डा, पाण्याची मोटर ही मंडळी राहतात खालीच. म्हणजे घरात पाणी येत नाही आणि घरातून माणूसही जात नाही. लाइट गेली की मोटर बंद, मोटर बंद की टाकी रिकामी. नळाचं म्हणाल तर २०१९ आणि २०२१ ला शहराची उपसा केंद्रंच पाण्यात गेली होती आणि गाव टँकरच्या रांगेत उभं होतं. गॅलरीतून नदी बघत हातात रिकामी कळशी, तोही रिव्हर व्ह्यूच. पत्रकातली ‘एमआयडीसी अवघ्या दहा मिनिटांवर’ ही ओळही हंगामी आहे. पूर आला की शिये रस्ता पाण्याखाली जातो आणि त्या दोन्ही साली शिरोलीजवळचा महामार्गसुद्धा बंद होता. दहा मिनिटांचे तेव्हा दिवस झाले. हप्ता मात्र त्या महिन्यातही पाच तारखेला कापला जातो. त्याला पूररेषा नाही.

दुसऱ्या साइटवर उंची चांगली होती. तात्यांनी नुसती मान हलवली, ‘तितं कदी न्हाई.’ मी खूश होऊन रेरा नंबर विचारला. उत्तर आलं, ‘आठच फ्लॅट आहेत साहेब, नंबर लागत नाही.’ हेही खरं. १ मे २०१७ पासून महारेरा आहे, पण ५०० चौरस मीटरपर्यंतची जागा किंवा आठपर्यंत फ्लॅट असतील तर नोंदणीची सक्ती नाही. बावड्यातल्या वाटण्या झालेल्या जागा किती गुंठ्यांच्या उरल्यात ते बघा, म्हणजे आठ हा आकडा सारखा का भेटतो ते कळेल. नोंदणी असती तर करार नोंदवण्याआधी १० टक्क्यांच्या वर पैसे घेता येत नाहीत. इथं बयाणा किती, असं विचारलं तर मालक प्रेमानं म्हणाले, ‘तुम्ही गावचेच. काय द्याल ते द्या, कागद नंतर करू.’ गावचा असण्याची एवढी किंमत मी पहिल्यांदाच मोजणार होतो. मोजली नाही.

मामांचा सल्ला वेगळाच. ‘फ्लॅटच्या नादाला लागू नको, हद्दीबाहेर गुंठाभर जागा घे.’ कोल्हापूरची महापालिका १९७२ ची आणि हद्द तेव्हापासून जिथल्या तिथं. पलीकडं स्वस्त आहे, मान्य. पण बावडा शहरात आहे. कलेक्टर कचेरी, कोर्ट, शाळा, दवाखाना सगळं सायकलच्या टप्प्यात. हद्दवाढीची वाट बघत गटार मागण्यापेक्षा मी एक खोली कमी घेईन.

आमचा निकाल झालाय. घ्यायचं, बावड्यातच घ्यायचं. पण सत्तावन्न फुटांच्या वरचं, रेरा नंबर असलेलं, दुसऱ्या मजल्यावरचं. त्यासाठी पाचशे दहाचे चारशे दहा झाले तरी चालतील. कपाट गॅलरीत जाईल. रिव्हर व्ह्यू जाईल. ही तयार आहे, फक्त भिंतीत खिळा आपला हवा, म्हणते. रिव्हर व्ह्यूच्या पोरग्याला तसं कळवल्यावर तो म्हणाला, ‘काका, आत्ताच बुक करा, जुलैत रेट वाढणार.’

तुम्हीही घर बघत असाल तर त्याचं ऐका, जुलैच लक्षात ठेवा. शेवटच्या आठवड्यात बंधाऱ्याचा आकडा बघा आणि साइटवर जा. गाडी मात्र भगव्या चौकातच लावा.