आता सगळेच वाफेवर!

शिव शिव! कर्जत-खालापुरात आता हवा खायलासुद्धा कोणी येईना. शनिवार उजाडला की मुंबईच्या गाड्या चौकला वळतात, फार्महाऊसचं फाटक उघडतं, समोर सह्याद्री हिरवागार, शिवारावरून गार वारा सुटलेला... आणि ही मंडळी करतात काय? खिशातून ई-सिगारेटची बोटभर नळी काढून आंब्याच्या वासाची वाफ ओढत बसतात! तीही आंब्याच्या झाडाखाली! त्या झाडाने आता मोहोर धरावा की जीव द्यावा?

बरं, नळीत असतं तरी काय एवढं? बॅटरी, बारीक तारेचं वेटोळं, कापसाची वात आणि ग्लिसरीनमध्ये कालवलेलं निकोटीन. झुरका मारला की तार तापते, वातीतलं द्रावण उडतं आणि हवेत गार होऊन त्याचे बारीक थेंब होतात. म्हणजे आपण धूर धूर करून नाकं मुरडतो, तो धूर नसतोच मुळी! तार फाजील तापली, वात कोरडी पडली की कापूस करपतो आणि साहेब ठसकून लालबुंद. तसं होऊ नये म्हणून काही नळ्यांत एक चिप पहाऱ्याला बसवलेली असते. होन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञाने २००३च्या सुमारास हे काढलं, ते म्हणे सिगारेट सुटावी म्हणून. सुटली का? इकडे ज्यांनी जन्मात विडीला हात लावला नव्हता, तीच पोरं टरबूज की पुदिना यावर वाद घालायला लागली.

आणि कायदा? आहे ना! केंद्राने सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम काढला, डिसेंबरात कायदा केला. बनवणं, विकणं, आयात करणं, साठवणं, जाहिरात, सगळं बंद. विकणाऱ्याला पहिल्याच खेपेला वर्षभरापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. हुक्का पार्लरं तर मुंबईतल्या कमला मिलच्या आगीनंतर राज्याने २०१८ मध्येच बंद केली. पण नको म्हटलं की माणूस ऐकतो कधी? अकबराच्या दरबारातल्या असद बेगने विजापूरहून तंबाखू नेली, तेव्हा हकीम नको नको म्हणत असताना बादशहाने झुरके मारलेच. माल आपल्या दख्खनचा पडला!

तर अशी ही मुंबईची थेरं. आपण? छे छे, आपण त्यातले नाही. आपण फक्त ‘वाफ घेतो’.

२०२१ चा कोरोनाचा उन्हाळा आठवतोय? अख्ख्या आळीत संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसत नव्हतं. सगळे डोक्यावर चादर घेऊन मोदकासारखे उकडत होते. कोणी पाण्यात निलगिरी टाकी, कोणी ओवा, कोणी कापूर, आणि एका घरी तर लसूण-आलं-हळद. फोडणीच तेवढी राहिली होती. कुकरच्या शिट्टीला रबरी नळी लावणारे इंजिनियरही आपल्यातच निपजले. डॉक्टर ओरडून सांगत होते, बाबांनो, याने विषाणू मरत नाही, नाक जरा मोकळं वाटेल इतकंच. तिकडे बर्मिंगहॅमच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०२० मध्येच ‘लॅन्सेट’ला लिहिलं होतं, वाफेपायी भाजलेली पोरं तीसपट झालीत म्हणून. ऐकतो कोण? मेडिकलात वाफेचं मशीन आलं की संपलं!

आणि काय ते मशीन! प्लॅस्टिकच्या डब्यात धातूच्या दोन पट्ट्या, बस. वीज थेट पाण्यातूनच जाते आणि पाणी तापतं. पावसाचं मऊ पाणी घातलं की महाराज रुसून बसतात. चिमूटभर मीठ टाकलं की खदखदायला लागतात. आता चिमूट कोणाची, यावर सगळा खेळ. सासूबाईंच्या हाताने पडली की घरातला फ्यूज उडालाच, वर ‘वायरमनला बोलवा’ हा हुकूम. चालू मशीनमध्ये बोट बुडवून ‘तापलं का’ बघणारे महाभागही होतेच. त्यांचे केस आजवर बसलेले नाहीत.

वाफेचे थेंब पडले मोठे; बरेचसे नाकातोंडातच अडकतात. फुप्फुसाच्या तळाशी पोचायचं तर थेंब साधारण एक ते पाच मायक्रॉनचाच हवा, आणि औषधाची यंत्रं घडवणारे लोक त्या एका मापापायी डोकं फोडून घेतात. अमेरिकेत २०१२ मध्ये लॉक्सापिन या औषधाचं असंच एक यंत्र मंजूर झालं: धातूच्या पत्र्यावर औषधाचा पातळ थर, पत्रा सेकंदाच्या आत तापतो आणि एका श्वासात डोस पोटात, चुकलं, फुप्फुसात. आपल्याकडे माप कसलं घेताय? बाळाला न्हाऊ घालून निखाऱ्यावर ओवा, वेखंड टाकून धुरी देणाऱ्या आपल्या आज्या; डोस एकच: ‘पोर शिंकेपर्यंत’. बालरोगतज्ज्ञ कपाळाला हात लावतात, आणि म्हणे त्यांच्याही घरी माळ्यावर शेगडी आहे!

आता परत पाऊस लागलाय, घाटातून ढग उतरलेत, आळीभर सर्दी. शेजारच्या काकू मघाशी मशीन मागायला आल्या होत्या. ‘अहो, आमचंही बिघडलंय’, आपण नाकातून सांगितलं. दारातून निलगिरीचा वास थेट त्यांच्या ओट्यापर्यंत पोचला होता. काकू हसल्या आणि पदराआडून स्वतःची बाटली काढून म्हणाल्या, “मग सरका जरा, पाणी आहे ना अजून?”