तीन टक्के

तिकीट खिडकीच्या रांगेत आपण मुकाट्याने उभे असतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि मागून खांद्यावर हात पडतो. "अजून खिडकीवरच? अरेरे!" हे गृहस्थ तुमच्याही ओळखीत असणारच. आमच्या घाटकोपरला ते आमच्याच बिल्डिंगीत राहतात, आणि त्यांना चुकवून स्टेशन गाठणं हा माझा सकाळचा व्यायाम आहे.

काकांच्या पाकिटात नोटा नसतात, कार्डं असतात. रेल्वेच्या एटीव्हीएमचं, म्हणजे तिकिटाच्या यंत्राचं, एक, बेस्टचं 'चलो' एक, वर्सोव्याच्या मेट्रोचं एक, दहिसरकडच्या मेट्रोचं आणखी एक. शिवाय मोबाइलमध्ये रेल्वेचं आर-वॉलेट. निवृत्त माणूस, आठवड्यातून दोनदा भाजीला दादरला जातो. पण बॅलन्स असा ठेवतो की उद्या विरार-कर्जत अखंड फिरायचं आहे.

या सगळ्यात त्यांचा जीव जडलाय तो रेल्वेच्या बोनसवर. "शंभर भरले की एकशे तीन! तीन टक्के, जागच्या जागी! बँक देते?" एवढ्यावर थांबले असते तर मी हे लिहायला बसलो नसतो. तळमजल्यावरच्या मुलाला आठ टक्के पगारवाढ मिळाली, तो पेढे घेऊन आला. काका पेढा तोंडात टाकत म्हणाले, "आठ? वर्षभर राबून? रेल्वे एका मिनिटात तीन देते." पुतणीच्या लग्नात केटररला ॲडव्हान्स देताना त्यांनी विचारलं, "वर काय टाकणार?" तो बिचारा म्हणाला, "गुलाबजाम टाकू." काका म्हणाले, "टक्के विचारतोय."

बरं, ज्ञान नुसतं तोंडी नाही. मोबाइलवरचं बिनकागदी तिकीट स्टेशनच्या आवारात उभं राहून काढता येत नाही, रुळांपासून लांब जावं लागतं. नेमकं किती लांब, हे काकांनी चालून पाहिलंय. स्टेशनबाहेर एका वडापावच्या गाडीपाशी, कढईच्या डाव्या अंगाला, त्यांची ठरलेली फरशी आहे. "या फरशीवर निघतं. त्या फरशीवर नाही." मी काकांच्या फरशीवर उभा राहिलो आणि तिकीट निघालं, हे नाइलाजाने नमूद करतो.

बसमध्ये त्यांचा वेगळाच थाट. 'चलो' कार्डात कंडक्टरकडे रोख देऊन पैसे भरता येतात, हे समजल्यापासून काका ते भर गर्दीत, उभ्याने, एक हात दांडीला ठेवून भरतात. मागचे प्रवासी "पुढे सरका" म्हणत असतात आणि काका कंडक्टरला विचारत असतात, "तुमच्याकडे बोनस कसा नाही हो?"

मेट्रोच्या नव्या कार्डाने मात्र त्यांना एकदा गाठलं. घरबसल्या पाचशे भरले, बँकेतून गेले, आणि गेट काही उघडेना. त्या कार्डाची तऱ्हा अशी की शिल्लक राहते चिपवर. गेट बँकेला विचारायला जात नाही, चिप वाचतं आणि सोडतं, म्हणून तर रांग भराभर सरकते. पण ऑनलाइन भरलेले पैसे चिपवर आपोआप येत नाहीत. स्थानकातल्या यंत्राला कार्ड टेकवून ते उतरवून घ्यावे लागतात. आता काका गेटपाशी अडलेल्या प्रत्येकाला गाठून सांगतात, "पैसे निघालेत, पोचायचेत."

मी एकदा कुरापत काढली. म्हटलं, "काका, देशभर सगळीकडे चालेल असं एकच कार्ड २०१९ मध्येच जाहीर झालं होतं. आपल्याकडे रेल्वे, बस, मेट्रो खरोखर एका कार्डावर आल्या तर?" काकांचा चेहरा पडला. "येतील," ते म्हणाले, "पण मग लोक विचारणार काय?" 'लोक' म्हणजे कोण ते मला कळलं. दिवसभरात या माणसाला दुसरं कुणी काही विचारत नाही.

परवा एटीव्हीएमपाशी एक आजी दहाची नोट धरून उभ्या होत्या. यंत्र नोट घेत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं, आणि तिथला तिकीट काढून देणारा जागेवर नव्हता. काकांनी आपलं कार्ड लावलं, पडद्यावर भायखळा दाबलं, तिकीट काढून हातात ठेवलं. आजींनी नोट पुढे केली.

"नको," काका म्हणाले. "बोनस धरून हे मला नऊ रुपये एकाहत्तर पैशांना पडलंय. दहा घेतले तर एकोणतीस पैसे मी खाल्ले असं होईल. आणि परत द्यायला सुट्टे नाहीत."

आजी आशीर्वाद देऊन गेल्या. तोवर काकांच्या मागे सात-आठ जणांची रांग लागली होती, आणि पहिलाच म्हणत होता, "काका, एक ठाणे रिटर्न."